व्याधाचं पुढे काय झालं?

दरवर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा होते. आपण ती इतक्या वेळा ऐकली आहे की बुवांनी 'कपोत' म्हटलं की पुढचं पाठच असतं. तरीही प्रत्येकाचा एखादा गुरू असा असतो, की त्याची कथा आली म्हणजे आपण जरा सावरून बसतो. कुणाची पिंगळा, कुणाची पृथ्वी, कुणाचा तो निवांत पडून राहणारा अजगर. माझा कपोत. म्हणजे खरं सांगायचं तर कपोतही नव्हे. त्या कथेत कबुतरांना जाळ्यात घालून नेणारा जो व्याध आहे, तो माझ्या मनात साठ वर्षं ठाण मांडून बसला आहे. चोवीस गुरूंच्या यादीत त्याचं नाव नाही. पण मला त्यानं जेवढं छळलं तेवढं कुणी छळलं नाही, म्हणून यंदा त्याच्याविषयीच लिहितो. आधी एक कबुली द्यावी लागेल. ती वाचून कुणाला वाईट वाटलं तर क्षमा असावी.

माझं आजोळ माणदेशात. पाऊस कमी, माळ मोठा, आणि त्या माळावर कुसळी गवत. मामांची जिरायती जमीन, चार शेळ्या, एक काळं कुत्रं. त्या काळी तिकडे सणासुदीला ससा धरायला जाणं ही काही लपून करायची गोष्ट नव्हती. साल १९६४. मी सहावीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेलो आणि मामा म्हणाले, "चल भाच्या, उद्या तुला वाघर दावतो."

वाघर म्हणजे सशासाठी लावायचं लांबट जाळं. घायपाताच्या कुंपणात जिथे जनावरांची ये-जा असते, त्या वाटेवर ते काठ्यांना ढिलं टांगायचं. मग तीन-चार माणसांनी दुसऱ्या अंगानं आरडाओरडा करत, झुडपं बडवत यायचं. ससा उठतो, नेहमीच्या वाटेनं पळतो आणि जाळ्यात गुरफटतो. मला जाळ्याजवळ दबून बसायला सांगितलं होतं. मोठ्या माणसांनी आपल्याला काम दिलं याचा मला कोण अभिमान!

ससा बीळ करत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून त्यात तो दिवसभर चिकटून बसतो. पळण्याइतकाच त्याचा भरवसा न हलण्यावर असतो. माणूस दोन हातांवरून गेला तरी तो उठत नाही. त्या दिवशी मात्र हाकाऱ्यांपैकी एकाचा पाय त्याच्यावर पडता पडता राहिला. तो उठला आणि सरळ माझ्या दिशेनं आला. जाळं थरथरलं. मी पुढे होऊन दोन्ही हातांनी त्याला दाबून धरलं.

वाचकहो, साठ वर्षं झाली, पण ते हातांना अजून आठवतं. एवढंसं ऊबदार अंग आणि आत काळीज असं धडधडत होतं की ते त्याचं आहे की माझ्या बोटांचं, कळेना. डोळा उघडा, मोठा, तपकिरी. त्यात राग नव्हता. त्यानं मला चावलं नाही, ओरबाडलं नाही. फक्त एकदा ओरडला. ससा एरवी मुका असतो. पण जिवावर बेतलं की ओरडतो, आणि तो आवाज तान्ह्या मुलासारखा असतो. मी घाबरून हात सोडणार, तेवढ्यात मामा आले, त्यांनी त्याला मागच्या पायांनी उचललं आणि मानेवर एकच फटका दिला. झालं. काळं कुत्रं शेपूट हलवत बाजूला उभं होतं.

आता कबुली. त्या रात्री मामींनी रस्सा केला. मी दिवसभर गप्प होतो, मला रडूही आलं होतं. पण चुलीवर मसाला शिजू लागला, वास सुटला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी दोन वेळा मागून घेतलं. रस्सा चांगला झाला होता. हे मी आज मुद्दाम लिहितो, कारण पुढची साठ वर्षं हा प्रसंग सांगताना मी नेहमी डोळ्याचं सांगितलं, काळजाच्या धडधडीचं सांगितलं, पण दोन वेळा मागून घेतलं हे कधी सांगितलं नाही.

मामा मात्र त्या रात्री जेवले नाहीत. अंगणात विडी ओढत बसले. मी विचारलं तर म्हणाले, "पोटात बरं न्हाई."

महिनाभरानं मी घरी, कृष्णाकाठच्या आमच्या गावी. दत्तजयंतीचा सप्ताह. नाथमहाराजांनी १५७३ साली काशीला पूर्ण केलेलं एकनाथी भागवत आमच्याकडे सप्ताहात वाचलं जायचं. भागवताच्या अकराव्या स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला यदूराजा आणि अवधूत यांचा संवाद सांगतात. तो अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराज, अशी आपली श्रद्धा. तर अवधूत यदूला कपोताची गोष्ट सांगतात. कबुतराची जोडी, त्यांची पिलं, मोठं प्रेमाचं घर. आईबाप चारा आणायला गेले असताना व्याध येतो, पिलांना जाळ्यात धरतो. कपोती परत येते, पिलांचा आक्रोश ऐकून ती ओरडत स्वतःच जाळ्यात शिरते. मग कपोतही, आता जगून काय करू, म्हणून त्यात पडतो. आणि व्याध काम फत्ते झालं म्हणून सगळ्यांना घेऊन घरी जातो. तात्पर्य : फार आसक्ती धरू नये.

सगळ्या सभामंडपानं माना डोलावल्या. माझ्या हातात मात्र ते काळीज धडधडायला लागलं. कीर्तन संपल्यावर मी बुवांना गाठलं आणि विचारलं, "बुवा, पण मग व्याधाचं पुढे काय झालं?"

बुवा हसले. म्हणाले, "बाळ, तो घरी गेला. गोष्ट त्याची नाहीच."

बुवांचं चुकलं असं मी म्हणत नाही. कथा कपोताची आहे, तात्पर्य संसारी माणसासाठी आहे, आणि ते खरं आहे. पण मी जाळ्यात पडलेला कपोत नव्हतो. मी जाळ्याजवळ बसलेला होतो. माझ्यासाठी त्या कथेत कोण होतं? पुढे स्वतः पोथी वाचायला लागलो तेव्हा एक शब्द नजरेत भरला. भागवतात व्याधाला 'लुब्धक' म्हटलं आहे. आकाशातल्या व्याधाच्या ताऱ्यालाही हेच नाव आहे. लुब्धक म्हणजे ज्याला लोभ सुटला आहे तो. शिकाऱ्याला आपल्या पूर्वजांनी दिलेलं हे नाव मला फार विचार करायला लावतं. त्याच्या हातातल्या शस्त्रावरून त्याला ओळखलं नाही, त्याच्या मनातल्या ओढीवरून ओळखलं.

या अस्वस्थतेला उत्तरं देणारे पुष्कळ भेटले. त्यांतली तीन उत्तरं आपणही ऐकली असतील.

पहिलं उत्तर : जीवच जिवाचं अन्न आहे, असं शास्त्रच सांगतं. हे वाक्य आपण जेवणाच्या पंगतीत फार सहज वापरतो. पण ते भागवतात कुठे येतं, हे पाहावं. धृतराष्ट्र आणि गांधारी कुणाला न सांगता वनात निघून गेलेत, युधिष्ठिर शोकानं व्याकूळ झाला आहे, आणि नारदमुनी त्याची समजूत काढताहेत. या जगात कुणीच कुणाचा आधार नाही, हात नसलेले हात असलेल्यांच्या तावडीत आहेत, लहान मोठ्यांच्या तोंडी आहेत, असं ते सांगतात. दुःखी माणसाला जगाची रीत समजावताना आलेलं हे बोलणं आहे. त्याचा आपण रश्शाच्या वाटीसाठी परवाना केला. स्मशानात दिलेलं सांत्वन लग्नाच्या मांडवात म्हणावं, तसं हे झालं.

दुसरं उत्तर : तुम्ही भाकरी खाता, तिच्यात हिंसा नाही का? नांगराखाली किती जीव जातात! हे उत्तर हलकं नाही. ते महाभारतात, वनपर्वात, खुद्द धर्मव्याधानं दिलं आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण झाडाखाली बसलेला असताना एका बगळीची विष्ठा त्याच्या अंगावर पडते. तो रागानं वर पाहतो आणि बगळी मरून खाली पडते. पुढे एक गृहिणी त्याला मिथिलेच्या धर्मव्याधाकडे धाडते. जाऊन पाहतो तर तो मांसाच्या दुकानात बसलेला! आणि त्या मांस विकणाऱ्याकडून हा तपस्वी धर्म शिकतो. मला यात नेहमी एक गंमत वाटते. दुकानात बसलेला धर्मव्याध सांगतो की तो स्वतः जीव मारत नाही आणि मांस खात नाही. आणि जो तप करत होता, त्यानंच एका लहानशा पाखराला नुसत्या रागानं मारलेलं असतं. तेव्हा ताटात काय आहे एवढ्यावरून माणसाची जात-पात, पाप-पुण्य ठरवणाऱ्यांनी ही कथा वर्षातून एकदा वाचावी.

धर्मव्याध म्हणतो की शेतात हिंसा आहे, धान्यात जीव आहे, चालताना पायाखाली जीव जातात, पूर्ण अहिंसक कुणीच नाही. आपले वादपटू इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, म्हणजे सगळं सारखंच! पण धर्मव्याध तिथे थांबत नाही. अहिंसेचं व्रत घेतलेल्यांकडूनही हिंसा होते, पण यत्न केला तर ती कमी होते, असं त्याचं म्हणणं आहे. 'कमी होते' हे दोन शब्द मला लाखमोलाचे वाटतात. शून्य करता येत नाही म्हणून शंभर चालेल, हे धर्माचं गणित नव्हे. आपण घरखर्चातसुद्धा असं गणित करत नाही.

तिसरं उत्तर मला कुणी तोंडानं दिलं नाही. ते मी पाहिलं. ते सांगायचं तर पुन्हा माणदेशात जावं लागेल.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. विहिरींनी तळ गाठला होता, गुरं दावणीतून गेली होती, माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि मुलांना सुकडी, यांवर घरं तगली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. आईनं ज्वारीची पिशवी देऊन मला मामांकडे पाठवलं. मामा खडी फोडायला गेले होते. अंगानं निम्मे राहिले होते. त्यांचं काळं कुत्रं कधीच गेलं होतं.

मामींशी बोलता बोलता मी ती जुनी गोष्ट काढली. शहाणपणाच्या सुरात म्हणालो, "मामी, त्या दिवशी सशाला मारलं तेव्हापासून मला कसंतरीच होतं बघा. मामांना काही वाटत नसेल का हो?"

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आरं, ती मादी हुती. अंगावर पाजती हुती. सोलताना तुझ्या मामाला कळलं. त्या रातीला त्येनी भाकरीला हात लावला न्हाई. तू खाल्लंस."

मला काय बोलावं सुचेना. मामी पुढे सांगत होत्या. सशाची मादी पिलांना एका जागी ठेवत नाही, गवतात वेगवेगळी दडवते आणि रात्री येऊन पाजून जाते. म्हणून मामा पहाटे उठून त्या रानात गेले. दिवसभर गवत चाळलं. दोन पिलं सापडली. ती दुरडीत घालून घरी आणली आणि शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं. एक दोन दिवसांत गेलं. दुसरं पाच-सहा दिवस जगलं. मी तोवर सुट्टी संपवून घरी परतलो होतो.

"मग मामांनी वाघर टाकली का?" मी विचारलं.

"न्हाई टाकली. कशी टाकत्याल? पोरं हुती पाच. पर तवापास्नं येकच धरायचा. येका चुलीला येक. दुसरा घावला तरी सोडून द्यायचा. आन् पोटाला हात लावून बघितल्याबिगर मारायचा न्हाई."

त्या दुष्काळातही मामांनी दोन-तीनदा वाघर लावली होती. एकदा मिळालेल्या सशातला निम्मा त्यांनी शेजारच्या बाळंतिणीला दिला, तिला दूध येत नव्हतं म्हणून. हे सांगताना मामींच्या आवाजात अभिमान नव्हता आणि लाजही नव्हती.

त्या रात्री ओट्यावर पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांपुढे तो आठ वर्षांपूर्वीचा प्रसंग उलटासुलटा झाला. इतकी वर्षं मी स्वतःला दयाळू समजत होतो आणि मामांना निबर. प्रत्यक्षात त्या दिवशी शिकार करणारा उपाशी झोपला होता, आणि हळहळणारा दोन वाट्या रस्सा पिऊन. व्याधाचं पुढे काय झालं, हे बुवांना विचारलं होतं. उत्तर माझ्या आजोळीच होतं. एक व्याध घरी गेला, जेवला नाही आणि पहाटे पिलं शोधायला निघाला.

मग मला चोवीस गुरूंतला आणखी एक गुरू आठवला, मासा. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीपायी तो जिवाला मुकतो. अवधूत सांगतात की बाकीची इंद्रियं जिंकली तरी जोवर जीभ जिंकली नाही तोवर काहीच जिंकलं नाही. ही कथा मी नेहमी 'बिचारा मासा' म्हणून ऐकत आलो होतो. तो मासा मी होतो. माझी दया खरी होती, माझं रडू खरं होतं, आणि मसाल्याचा वास येताच दोन्ही गळाला लागली.

आता आपण विचाराल, मग सशाचंच एवढं काय? त्याच आजोळी जत्रेला बोकड पडायचा, त्याचं दुःख झालं नाही का? खरं आहे, झालं नाही. बोकड मी ताटात पाहिला, सशाला हातात धरलं होतं. माझी दया हाताच्या स्पर्शाएवढीच लांब होती. कबूल आहे. दिसायला गोजिरवाणं, मऊ, मोठ्या डोळ्यांचं असेल त्याची दया येते, आणि खवल्यांच्या, शिंगांच्या जिवाची येत नाही, हा आपल्या दयेचा कमकुवतपणाच आहे. मासा ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असं थोडंच आहे?

तरीसुद्धा गरीब जनावराला मारताना जे आत हलतं, ते केवळ त्याच्या रूपामुळे हलतं असं मला वाटत नाही. रानडुक्कर मारलं तर माणूस म्हणतो, ते अंगावर आलं असतं, त्यानं मका लोळवला. साप मारला तर म्हणतो, चावला असता. आपल्याकडे सबब असते. ससा हरभऱ्याचे चार शेंडे खातो एवढाच त्याचा गुन्हा. तो उलटत नाही, चावत नाही, जीव वाचवायला त्याच्याकडे लपणं आणि पळणं एवढंच. तो आपल्या सगळ्या सबबी काढून घेतो. मागे उरतात फक्त दोन गोष्टी : आपला हात आणि आपलं पोट. मग विचारावं लागतं, पोट खरोखर रिकामं आहे का? असेल, तर मामांसारखं खाली मान घालून, एका चुलीला एक, असं घ्यावं लागत असेल. त्याचा निवाडा करायला मी कोण? आणि पोट भरलेलं असेल, तर मग जे उरतं त्यालाच भागवतानं नाव दिलं आहे. लोभ. व्याध आणि लुब्धक हे कोशात समानार्थी असतील, पण माझे मामा व्याध होते, लुब्धक नव्हते. त्या दिवशी लुब्धक जाळ्याजवळ बसला होता, सहावीतला.

हे सगळं जुनं झालं, आता कोण ससे मारतं, असं वाटेल. दोन वर्षांपूर्वी मामांचा नातू घरी आला होता. चांगला शिकलेला, पगारदार. मोबाइल काढून मला फोटो दाखवू लागला. रात्री गाडी माळावर घालतात, मोठ्या दिव्याचा झोत टाकतात. झोत पडला की ससा जागच्या जागी थिजतो, जो न हलणं हाच आयुष्यभर आपला आधार मानत आला आहे. मग बंदूक. फोटोत गाडीच्या पुढच्या भागावर ओळीनं सात ससे मांडले होते आणि मागे पाच जण हसत उभे. सात सशांपैकी किती खाल्ले, विचारलं. म्हणाला, "दोन-तीन. बाकीचे वाटले. काही खराब झाले."

मी म्हटलं, "अरे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा गुन्हा आहे. तुरुंगात जाशील."

तो हसला. म्हणाला, "कायद्याचं सोडा हो आजोबा. आजी सांगायची, तुम्ही तर दोन वाट्या मागून खाल्ला होता."

घरात सगळ्यांसमोर बोलला. सून होती, नातवंडं होती. क्षणभर वाटलं, हाकलून द्यावं. मग वाटलं, खोटं काय बोलला? मी म्हणालो, "हो, खाल्ला. म्हणूनच तुला सांगायचा मला अधिकार आहे. ज्यानं खाल्ला नाही त्याचं तू ऐकणार नाहीस. तुझ्या आजोबांनी किती मारायचे ते ठरवलं होतं, माहीत आहे? एका चुलीला एक. आणि पोटाला हात लावून बघायचे. तुझ्या बंदुकीला पोटाला हात लावता येतो का?" आणि मग त्याला त्या रात्रीची आणि दुरडीतल्या पिलांची सगळी गोष्ट सांगितली. ती त्याला कुणी सांगितलीच नव्हती. घरानं रश्शाची गोष्ट जपली होती, उपासाची विसरली होती.

तो सुधारला की नाही, मला ठाऊक नाही. गप्प बसला एवढं खरं. जाताना नमस्कार केला आणि फोटो पुसून टाकले म्हणाला. खरे-खोटे दत्तमहाराज जाणोत.

मी स्वतः गेली काही वर्षं मांसाहार करत नाही. त्यात फार मोठेपणा नको. निम्मं श्रेय गुरुवारांच्या उपासांना आणि निम्मं पडलेल्या दातांना. पण हे लिहिताना ज्या घरांत मांस शिजतं त्यांच्याकडे बोट दाखवायचं माझ्या मनात नाही. ज्या पारधी समाजाची पोटं पिढ्यान्‌पिढ्या रानातल्या फाशांवर चालली, त्यांना १८७१ च्या इंग्रजी कायद्याच्या आडून जन्मानंच गुन्हेगार ठरवलं गेलं. १९५२ साली तो कायदा गेला तरी लोकांच्या नजरेतून तो गेलेला नाही. दयेचा उपयोग गरिबाला हिणवण्यासाठी झाला, तर ती दया सशाच्याही कामाची नाही. माझं बोलणं भरल्या पोटांशी आहे, म्हणजे माझ्याशी आणि बहुतेक आपल्या सगळ्यांशी.

अवधूतानं मधमाशीलाही गुरू केलं आहे. ती प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेते, फूल मोडत नाही. म्हणून साधूनं प्रत्येक दारी थोडी भिक्षा घ्यावी, कुणा एकाच घरावर भार टाकू नये. आणि टिटवी की कुरर म्हणतात तो पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याला टोचत राहिले, तुकडा टाकला तेव्हा त्याला सुख मिळालं. आपली मधुकरीची, भिक्षेची सगळी परंपरा हेच शिकवते : घ्यावं लागतंच, पण थोडं घ्या, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं स्मरण ठेवून घ्या. ताटात भाजीभाकरी असो की आणखी काही, हे प्रत्येकाला लागू आहे. टाकलेल्या अन्नासाठीसुद्धा कुणीतरी जीव दिलेला असतो.

आपल्या घरातली दत्ताची तसबीर एकदा निरखून पाहा. मागे गाय उभी आहे, पायाशी चार कुत्री आहेत. ती चार वेद आहेत, असं आपण मुलांना सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यांत मामांचं काळं कुत्रंही दिसतं. चरणारं जनावर आणि पाठलाग करणारं जनावर, दोन्ही महाराजांच्या आसपास निवांत आहेत. कुत्र्याचे दात काढून घेतलेले नाहीत. फक्त ते बसलं आहे. भूक असूनही बसता येतं, एवढं त्या तसबिरीतून शिकलो तरी पुष्कळ.

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची. चंद्र मृगशीर्ष नक्षत्राच्या आसपास असतो म्हणून या महिन्याचं नाव मार्गशीर्ष. संध्याकाळी पाळणा झाला, सुंठवडा वाटला, की मी थोडा वेळ देवळामागच्या पारावर थांबतो. पूर्वेला मृग वर येतो. चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात तीन ताऱ्यांचा बाण. आणखी थोड्या वेळानं खाली व्याध उगवतो, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. आईनं लहानपणी दाखवला होता, आता मी नातवंडांना दाखवतो. मागच्या वर्षी धाकट्या नातीनं विचारलं, "आजोबा, बाण मारल्यावर व्याधानं हरीण खाल्लं का?"

मी म्हटलं, "नाही गं. तो अजून तिथेच उभा आहे, बघ. घरी गेला नाही."

"मग त्याला भूक लागली असेल."

"लागली असेल," मी म्हणालो, आणि तिच्या हातावर माझ्या वाटणीचा सुंठवडा ठेवला.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!